हजारातल्या एका पेशंटवर शिकलेला डॉक्टर

(या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि मधेच वाजलेला कुकर काढून टाकलाय.)

लोकलमध्ये लटकत असाल, भांडी घासता घासता इअरफोन लावला असेल किंवा रात्री झोप येत नाही म्हणून मला लावून पडला असाल, सगळ्यांचं स्वागत.

मी फॅमिली डॉक्टर आहे. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं क्लिनिक आहे. एमबीबीएस झाल्यावर मी फॅमिली मेडिसिन या विषयात तीन वर्षांचं डीएनबी केलं. पण लग्नकार्यात कुणी विचारलं, "ताई, तुम्ही कशाच्या डॉक्टर?" आणि मी उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे अजून स्पेशालिस्ट नाही का झालात?" विचारणाऱ्या काकूंचा हेतू वाईट नसतो. त्यांना खरंच काळजी वाटते, की पोरगी मधेच कुठे तरी थांबली.

तर आजचा विषय हा. जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर, हा तयार कसा होतो? तो शिकवून तयार करावा लागतो, की एमबीबीएस झालं आणि पुढे काही जमलं नाही की आपोआप होतो? आणि याचा तुमच्याशी काय संबंध? संबंध मोठा आहे. शेवटपर्यंत थांबा.

हजार माणसांचा हिशोब

आधी एक आकडेवारी सांगते. डोक्यात पक्की बसेल अशी आहे.

१९६१ साली केर व्हाइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध छापला. अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती घेऊन त्यांनी साधा हिशोब मांडला. समजा, १००० मोठी माणसं आहेत. एका महिन्यात त्यांच्यापैकी ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलमध्ये भरती होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. आणि मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो फक्त १.

हजारात एक. २००१ मध्ये अमेरिकेत हाच हिशोब पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हाही चित्र जवळपास तेच निघालं. मधल्या ४० वर्षांत एमआरआय आला, अँजिओप्लास्टी आली, तरी माणसं आजारी पडून जातात कुठे, याचं गणित फारसं हललं नाही.

आता मला सांगा, भावी डॉक्टर शिकतो कुठे? त्या एका माणसाच्या खाटेशेजारी. बाकीचे २४९ जण त्याला नीट भेटतच नाहीत.

कुणी म्हणेल, ताई, आपल्याकडे सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत साधा ताप-खोकला घेऊनही रांगा लागतात की. मान्य. पण विद्यार्थ्याचा जीव कशात अडकलेला असतो बघा. परीक्षेला "केस" येते ती वॉर्डातली. कुणाची प्लीहा वाढलेली असते, कुणाच्या हृदयाची झडप आकुंचन पावलेली असते. छान मर्मर ऐकू येणारा पेशंट वॉर्डात आला, की बातमी पूर्ण बॅचमध्ये पसरते आणि त्या बिचाऱ्याच्या छातीवर दिवसभरात वीस स्टेथोस्कोप टेकतात. सर्दीचा पेशंट आला म्हणून कुणी कुणाला फोन करत नाही.

यात मी मेडिकल कॉलेजला नावं ठेवत नाहीये. गंभीर आजार ओळखता आलाच पाहिजे आणि तो तिथेच शिकता येतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की क्लिनिकमध्ये जे काम करायचंय त्यासाठी हे शिक्षण अर्धं आहे. उरलेलं अर्धं वेगळं आहे आणि ते वेगळं शिकवावं लागतं.

तोच ताप, वेगळं काम

वेगळं म्हणजे काय? उदाहरण घेऊ.

मोठ्या हॉस्पिटलात न्यूरोलॉजीच्या ओपीडीत डोकेदुखीचा पेशंट येतो, तेव्हा तो चार ठिकाणी गाळून आलेला असतो. तिथे मेंदूत गाठ असण्याची शक्यता मनात धरावीच लागते. माझ्याकडे डोकेदुखी येते ती थेट घरातून. ताण, अर्धशिशी, चष्म्याचा नंबर, रात्री दोनपर्यंत मोबाइल, उपाशीपोटी दोन कप चहा. मी प्रत्येकाला एमआरआय लिहून दिला, तर गावातली निम्मी माणसं कर्जात बुडतील. आणि कुणालाच लिहून दिला नाही, तर कधी तरी एक खरा पेशंट हातचा जाईल. या दोन टोकांच्या मधे वाट काढायची, हे माझं रोजचं काम. कुठल्या डोकेदुखीला थांबू द्यायचं आणि कुठलीला त्याच दिवशी गाडीत बसवायचं, हे पुस्तकात यादी करून दिलेलं असतं. पण यादी पाठ असणं वेगळं आणि समोरच्या माणसाकडे बघून ती वापरता येणं वेगळं.

दुसरं उदाहरण, ताप. पावसाळ्यात आमच्याकडे रोज ताप येतो. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला तापाचा पेशंट बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी भेटतो. तोवर रोगाने आपला चेहरा दाखवलेला असतो. मला तो पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता भेटतो. अंग दुखतंय, डोकं दुखतंय, बाकी काही नाही. डेंग्यू असेल, फ्लू असेल, टायफॉइडची सुरुवात असेल, काहीही असेल. रोगालाच अजून माहीत नाही तो काय आहे, असं आमचे सर म्हणायचे.

अशा वेळी शिकलेला जीपी काय करतो? तो वेळ वापरतो. वेळ ही आमची सगळ्यात स्वस्त तपासणी. तो पेशंटला सांगतो, की आज घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या, मनाने दुसऱ्या पेनकिलर घेऊ नका. परवा परत दाखवा. पण पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, फार गळून गेल्यासारखं किंवा बेचैन वाटलं, तर परवापर्यंत थांबायचं नाही, लगेच यायचं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगायची. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा लोकांना वाटतं सुटलो, पण धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होऊ शकतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान.

हे जे "काय झालं तर परत यायचं" सांगणं आहे ना, त्याला आमच्या विषयात सेफ्टी नेट म्हणतात. सर्कशीत झुल्याखाली बांधतात तशी जाळी. रॉजर नेबर नावाच्या ब्रिटिश जीपीने १९८७ मध्ये पेशंटशी होणाऱ्या भेटीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात प्रत्येक भेटीच्या पाच टप्प्यांपैकी एक टप्पा हा आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण दवाखान्यात बाहेर तीस माणसं बसलेली असताना, दर वेळी, प्रत्येकाला, समजेल अशा भाषेत हे सांगणं, ही सवय लागावी लागते. आणि सवय कुणीतरी लावावी लागते.

अठरा सेकंद

ऐकून घेणं हा तिसरा भाग. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटच्या भेटी टेप करून ऐकल्या. पेशंट बोलायला लागल्यापासून डॉक्टर मधे तोंड घालायचा तो सरासरी १८ सेकंदांनी. अठरा! तुम्ही रील बघता त्यापेक्षा कमी वेळ.

आणि गंमत अशी, की पेशंट पहिल्यांदा जे सांगतो ते बऱ्याचदा खरं कारण नसतं. एक बाई मुलाचा खोकला दाखवायला येते. खोकला साधाच असतो. औषध लिहून होतं, चिठ्ठी हातात घेऊन ती उठते, दारापर्यंत जाते आणि म्हणते, "आणि मॅडम, अजून एक विचारायचं होतं..." मंडळी, भेट तिथे सुरू होते. मधली सात मिनिटं ती फक्त मला जोखत होती, की हिला सांगावं की नाही. छातीत गाठ लागतेय. नवरा मारतो. पाळी तीन महिने आली नाही. मुलगा मोबाइलवर पैसे लावून हरलाय. जी गोष्ट सांगायला ती पंधरा दिवस धीर गोळा करत होती, ती दारातच येते. डॉक्टरने त्या वेळी पुढच्या नंबरासाठी घंटी वाजवली, तर ती गोष्ट परत सहा महिने येत नाही.

हे कसं शिकवतात? सांगते. माझ्या प्रशिक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा काळ मी एका जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काढला. पेशंट मी तपासायची. सर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. पेशंटची परवानगी घेतलेली असायची. सर एक शब्द बोलायचे नाहीत. संध्याकाळी दवाखाना संपला, की चहा यायचा आणि मग सर वहीतून एकेक वाचायचे. "त्या आजोबांनी दोनदा 'आता काय राहिलंय' असं म्हटलं. तुला काय वाटलं?" "ती मुलगी उत्तर द्यायच्या आधी दर वेळी आईकडे बघत होती. उद्या आईला बाहेर बसवून बोलशील?" औषधांवर आमची चर्चा व्हायची, पण कमी. जास्त चर्चा व्हायची ती माणसांवर.

अजून एक गोष्ट सरांकडून शिकावी लागते. छोट्या गावात सासू पण तुमची पेशंट, सून पण तुमची पेशंट. सासू बीपी मोजता मोजता सहज विचारते, "आमची सून कशाला आली होती हो काल?" चेहऱ्यावरची रेषही न हलवता विषय बदलायचा. हे कुठल्याही एमसीक्यूमध्ये येत नाही. आणि हे जमलं नाही, तर गावातली एकही सून परत तुमच्याकडे मोकळं बोलणार नाही.

शिडीवरून पडलेले

आता थोडं बाहेर बघू. ब्रिटनमध्ये १९४८ साली एनएचएस सुरू झाली. प्रत्येक माणसाला एक जीपी मिळाला. पण जीपींचं काम कसं होतं? १९५० मध्ये कॉलिंग्ज नावाच्या डॉक्टरांनी फिरून पाहणी केली आणि द लान्सेटमध्ये अहवाल छापला. अहवाल वाईट होता. कोंदट खोल्या, घाईघाईत तपासणी, कुणाचा कुणाला पायपोस नाही. जीपींना राग आला, पण काही जणांनी ते मनावर घेतलं. १९५२ मध्ये त्यांनी आपलं स्वतंत्र कॉलेज काढलं. सर्जनचं असतं, फिजिशियनचं असतं, तसं जीपींचं.

तरी मान मिळायला वेळ लागला. १९५८ मध्ये लॉर्ड मोरान, म्हणजे चर्चिल यांचे डॉक्टर, एका शाही आयोगापुढे साक्ष द्यायला गेले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता, की डॉक्टरकीची एक शिडी आहे आणि तिच्यावरून जे खाली पडतात ते जीपी होतात. आमच्या लग्नातल्या काकूंचंच म्हणणं, फक्त इंग्रजीत आणि कोट घालून!

पण त्यांनी पुढे काय केलं ते महत्त्वाचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नियम लागू झाला, की वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय एनएचएसमध्ये स्वतंत्र जीपी म्हणून काम करता येणार नाही. आज तिथे मेडिकल कॉलेज झाल्यावर दोन वर्षं फाउंडेशन आणि त्यानंतर तीन वर्षं जीपीचं प्रशिक्षण असतं. त्यातला मोठा काळ हॉस्पिटलबाहेर, प्रत्यक्ष जीपीच्या दवाखान्यात जातो. शेजारी नेमून दिलेला ट्रेनर असतो. भेटींचे व्हिडिओ करून, परत बघून, त्यावर बोलतात. परीक्षेत पेशंटची भूमिका करणाऱ्यांशी बोलून दाखवावं लागतं.

आणि यात एक आपला धागाही आहे. वेल्समधल्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांत, इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावांत जिथे जायला तिथले डॉक्टर तयार नव्हते, तिथे जीपी म्हणून गेले ते फार मोठ्या संख्येने भारतीय उपखंडातले डॉक्टर. तिथल्या गोऱ्या आज्यांचे फॅमिली डॉक्टर आपले लोक होते. म्हणजे आपल्याला हे काम जमत नाही, असं म्हणायला जागा नाही.

तिथे आज सगळं छान चाललंय असंही नाही. जीपी कमी आहेत, अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून लोक वैतागलेत. पण जीपी होणं हे शिकायचं काम आहे, यावर तिथे वाद उरलेला नाही.

आपल्याकडे काय झालं

स्वातंत्र्याआधी आपल्याकडे दोन प्रकारचे डॉक्टर होते. एक एमबीबीएस आणि दुसरे कमी वर्षांचा लायसेन्शिएट अभ्यासक्रम केलेले. मुंबई इलाख्यात एलसीपीएस डॉक्टर असायचे. तुमच्या पणजीला विचारलंत तर गावातल्या एलसीपीएस डॉक्टरांचं नाव तिला आठवेल. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यात म्हटलं, की देशाला एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला मूलभूत डॉक्टर हवा आणि तो लोकांमध्ये राहून आजार टाळण्याचंही काम करणारा हवा. विचार चांगला होता. लायसेन्शिएट हळूहळू बंद झाले. पण त्या मूलभूत डॉक्टरला लोकांमध्ये काम करायला शिकवणार कोण आणि कुठे, हा प्रश्न तसाच राहिला.

आजचा एमबीबीएसचा अधिकृत अभ्यासक्रम काढून बघा. २०१९ पासून तो नवीन झालाय. त्यात ध्येय म्हणून स्पष्ट लिहिलंय, की हा पदवीधर समाजाचा पहिल्या संपर्काचा डॉक्टर म्हणून काम करू शकला पाहिजे. पहिल्या संपर्काचा! म्हणजे जीपीच. विद्यार्थ्यांनी काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे नियमित जायचं, असाही कार्यक्रम आता आलाय. आपल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायची पद्धत फार जुनी आहे. कागदावर दिशा बरोबर आहे.

पण प्रत्यक्षात काय होतं? साडेपाच वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. खरं तर हात चालवून शिकायचं वर्ष. पण त्या वर्षी मुलांच्या खिशात स्टेथोस्कोप आणि मोबाइलमध्ये नीट-पीजीचं कोचिंग ॲप. ड्युटीवर रक्त काढता काढता एमसीक्यू सोडवतात. त्यांना दोष कसा देणार? देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या वर गेल्यात, पीजीच्या त्यापेक्षा बऱ्याच कमी आहेत आणि हव्या त्या शाखेच्या तर मोजक्याच. घरचे विचारतात, "नुसतं एमबीबीएस?" हा "नुसतं" शब्द फार जड आहे, मंडळी. माझ्या बॅचमधल्या काही जणांनी तीन-तीन वर्षं खोलीत बसून फक्त परीक्षा दिली. त्या तीन वर्षांत त्यांनी एकाही पेशंटला हात लावला नाही. तेवढ्यात एक फॅमिली डॉक्टर पूर्ण तयार झाला असता.

बरं, फॅमिली मेडिसिनचं शिक्षण आपल्याकडे नाही असंही नाही. डीएनबी कित्येक वर्षांपासून आहे. केरळमध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजने यात एमडी सुरू केलं. वेल्लोरच्या सीएमसीने आधीच प्रॅक्टिस करत असलेल्या डॉक्टरांसाठी दोन वर्षांचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम काढला, त्यामागचं सूत्रच असं, की पेशंटला पुढे कमी पाठवा, आपल्या पातळीवर जास्त सोडवा. २००२ आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांतही फॅमिली मेडिसिनचा उल्लेख आहे. पण बहुतेक मेडिकल कॉलेजांत हा विभागच नाही. मग अठरा वर्षांच्या मुलाने हे स्वप्न बघायचं कुणाकडे बघून? सर्जन होण्याची इच्छा सर्जनला बघून होते. फॅमिली डॉक्टर त्याला कॉलेजात भेटतच नाही.

आणि जे डीएनबी करतात त्यांचाही बराचसा वेळ हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या विभागांतच फिरण्यात जातो. मेडिसिन, बालरोग, प्रसूती, हाडांचं, त्वचेचं. ते हवंच. पण म्हणजे बघा, पोहायचं पाण्यात आणि शिकायचं काठावर. मला क्लिनिकमध्ये बसवणारे सर मिळाले हे माझं नशीब. प्रशिक्षण नशिबावर सोडायचं नसतं.

मोकळी जागा मोकळी राहत नाही. तुमच्या गल्लीतला डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्यातले कित्येक जण रात्री दोन वाजता दार उघडणारे आहेत आणि मी त्यांना मानते. पण ते ज्या पॅथीत शिकले ती एक आणि रोज द्यावी लागतात ती औषधं दुसरी. म्हणजे त्यांनाही या कामासाठी नीट कुणी शिकवलेलं नाही. पदवी कुठलीही असो, पहिल्या दारावरच्या डॉक्टरला या देशात बहुतेक वेळा स्वतःच स्वतःला शिकवावं लागतं. आणि तो शिकतो तुमच्या-माझ्यावर.

मेळघाटातला अभ्यासक्रम

एक वेगळी गोष्ट सांगते. मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे तुम्हाला माहीत असतील. २०१९ मध्ये त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली. १९८० च्या दशकात एमबीबीएस होऊन दुर्गम भागात जायचं ठरवल्यावर त्यांनी सेवाग्रामच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना विचारलं, की तिथे काम करायला मला काय यायला हवं? त्यांनी मुलाखतींतून सांगितलेलं उत्तर तीन गोष्टींचं आहे. सोनोग्राफी नसताना बाळंतपण करता यायला हवं. एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखता यायला हवा. जुलाबाचा उपचार करता यायला हवा. त्याप्रमाणे त्यांनी आधी मुंबईत काही महिने ते शिकून घेतलं, मग गेले. तिथे गेल्यावर अजून काय कमी पडतंय ते कळलं, तेव्हा परत शिकायला आले आणि एमडी करून पुन्हा मेळघाटात गेले.

लोक ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. त्याग आहेच. पण मला त्यात एक उत्तम अभ्यासक्रम दिसतो. आधी विचारलं, की जिथे जायचंय तिथल्या लोकांना काय होतं. मग तेवढं पक्कं शिकलं. मग काम केलं. अडलं तिथे परत शिकलं. आपली मेडिकल शिक्षणव्यवस्था हा पहिला प्रश्न विचारतच नाही. आणि एका माणसाने स्वतःच्या जिवावर जे जुळवलं, ते दर वर्षी बाहेर पडणाऱ्या हजारो मुलांनी आपापलं जुळवावं, अशी अपेक्षा कशी करायची?

यात तुमचं काय?

तुम्ही म्हणाल, मी बावीस वर्षांचा, मला काय करायचाय फॅमिली डॉक्टर? काही झालं तर गूगल आहे, नाही तर थेट स्पेशालिस्ट.

ठीक आहे. छातीत जळजळ होतेय. थेट कोणाकडे जाणार? हृदयवाल्याकडे, पोटवाल्याकडे की मानसोपचारवाल्याकडे? तिन्हीही असू शकतं. पहिल्या दारावर माणूस नसला, की रोग कुठला हे पेशंटने आधी ठरवायचं आणि मग डॉक्टर निवडायचा, असा उलटा प्रकार होतो. त्यात पैसे जातात, तपासण्या वाढतात. वर कट प्रॅक्टिस आहेच. पेशंट पाठवल्याबद्दल पाकीट घेणारा डॉक्टर तुम्हाला जिथे पाठवतो ती जागा तुमच्या भल्यासाठीच निवडली असेल, याची खात्री काय? योग्य माणसाकडे, योग्य वेळी, सविस्तर चिठ्ठी देऊन पाठवणं आणि त्यात एक रुपया न घेणं, हासुद्धा प्रशिक्षणाचा भाग आहे. माझ्या सरांनी तो स्वतः वागून शिकवला.

नॉर्वेमध्ये प्रत्येक माणसाच्या नावावर एक जीपी असतो. तिथला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. एकाच जीपीकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्या लोकांची तुलना त्यांनी एकच वर्ष झालेल्यांशी केली. जुन्या नात्याच्या गटात रात्री-अपरात्री तातडीची सेवा घ्यायचं आणि हॉस्पिटलात भरती व्हायचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी. अशा अभ्यासातून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे खरं. पण एखादी गोळी असा आकडा दाखवत असती, तर तिच्या जाहिराती आयपीएलमध्ये लागल्या असत्या.

आमच्या गावातलं सांगते. चौकात एका ज्येष्ठ डॉक्टरांचा दवाखाना आहे. वय ७४. पुढच्या दिवाळीनंतर ते बंद करणार आहेत. मुलगा परदेशात, रेडिओलॉजिस्ट. मागच्या महिन्यात त्यांनी मला बोलावून कपाट उघडून दाखवलं. ओळीने कार्डं लावलेली, घरागणिक. कुणाला कुठल्या औषधाची ॲलर्जी, कुणाचे वडील कोणत्या वयात हार्ट ॲटॅकने गेले, कुठल्या घरात दारू आहे, कुणाला वाईट बातमी सांगायची तर आधी कुठल्या भावाला बोलवायचं. मला म्हणाले, "हे कुणाला देऊ?" मी एकटी एवढं घेऊ शकत नाही. मी दोन वर्षं जोडीला डॉक्टर शोधतेय, मिळत नाहीये. पैसे कमी म्हणून काही जण नाही म्हणतात, ते समजू शकते. पण जास्त जण म्हणतात, "मॅडम, भीती वाटते. एकट्याने सगळं बघायचं म्हणजे काहीही येऊ शकतं." बघा, मुलं आळशी नाहीत, लोभीही नाहीत. त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि हे त्यांना नीट कळतं.

म्हणून मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. इंटर्न मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी येऊन बसू शकतात. आता कोपऱ्यातल्या खुर्चीत मी बसते. वही माझ्याकडे असते. संध्याकाळी चहा होतो. आतापर्यंत अकरा जण येऊन गेले. त्यातली एक मुलगी यंदा फॅमिली मेडिसिनला जातेय, स्वतःहून, पहिल्या पसंतीने. घरच्यांशी भांडण चालू आहे तिचं.

जाता जाता

मेडिकलला असाल, तर कोचिंगच्या धबडग्यातून एक महिना काढा आणि एखाद्या चांगल्या फॅमिली डॉक्टरकडे नुसते बसा. इलेक्टिव्ह असेल तर तेव्हा. आवडेलच असं नाही. पण नाकारायचं असेल, तर बघून नाकारा.

मेडिकलला नसाल, तर तीन गोष्टी करा. एक, घरापासून जवळचा एक डॉक्टर ठरवा, जो ऐकून घेतो आणि प्रश्न विचारला की चिडत नाही. उगाच बदलू नका. दोन, जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, मोबाइलच्या गॅलरीत मीम्सच्या मधे नको. तीन, दर वेळी उठायच्या आधी विचारा, "काय झालं तर मी लगेच परत यायचं?" आणि दारापर्यंत जाऊन आठवणारी ती शेवटची गोष्ट आहे ना, ती आधी सांगा. आम्हाला पण घरी जायचं असतं हो!

फॅमिली डॉक्टर व्हायचं की नाही या विचारात कुणी असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. मोठी पाठवलीत तरी चालेल, अठरा सेकंदांत तोडणार नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.